वाफ्यातला झेंडू

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
सुलक्षणाचा साष्टांग नमस्कार.

इथे बरं आहे. डबा वेळेवर येतो. आईचा गुडघा कसा आहे? भात झोडून झालं का? फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

परवा तुम्ही म्हणालात, "फोन वाजलाच न्हाई म्हनतोय. झोपला व्हता लेकाचा!" नसरापूरच्या स्टँडवर तुम्ही वसीमची गचांडी धरलीत. आता ट्रस्ट त्याला रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकीवरून काढणार, असं गोरखदादा सांगत होता.

आप्पा, फोन खरंच वाजला नव्हता.

कापणीत अंबूआत्याला साप चावला, तेव्हा दादाने ट्रस्टचा नंबर लावला. तो फोन संगणक घेतो आणि जवळच्या गाडीकडे वळवतो. तो संगणक नसरापुरात नाही. अशा कितीतरी ठिकाणांचं काम मी नोकरी करते त्या इमारतीतल्या यंत्रांवर चालतं. आमच्याकडे काही बंद पडत नाही, असं मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगायचे. त्या दुपारी वीज गेली. एक जनरेटर दुरुस्तीसाठी उघडलेला होता. दुसरा सुरू झाला, तापला आणि थांबला. मग बॅटऱ्याही संपल्या. दादाच्या कानाशी रिंग जात राहिली आणि वसीमच्या खिशात काहीच वाजलं नाही. आत्या बांधावरच गेली.

का तापला, हे तुम्ही विचाराल. हवा आत घेणारी जाळी बुजली होती.

फुलांनी, आप्पा. खंडेनवमीला तुम्ही पाठवलेल्या माळा आम्ही तिथे घातल्या होत्या. "माझ्या लेकीच्या मशिनींना आपल्या वाफ्यातला झेंडू," म्हणाला होतात. त्या वाळल्या, तरी निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून कुणी हात लावला नाही. मीही नाही. पाकळ्या जाळीत ओढल्या जाऊन थर बसला.

साहेब म्हणाले, "अहवालात विजेचा दोष लिही आणि मोकळी हो. झेंडूने डेटा सेंटर बंद पडलं, असं गिऱ्हाइकाला सांगू?" मी झेंडूच लिहिला. ट्रस्टलाही कळवला. मला आता कामावर येऊ नको म्हणालेत. घरातली पहिली पदवी म्हणून तुम्ही गावभर पेढे वाटले होते.

ट्रस्ट माझं ऐकेल की नाही, ठाऊक नाही. तुमचं ऐकेल. ज्या स्टँडवर सगळ्यांसमोर वसीमला बोललात, तिथेच सगळ्यांसमोर खरं सांगा. त्याआधी हे पत्र घेऊन त्याच्या आईकडे, गुलजारबींकडे जा.

वाफ्यातला उरलेला झेंडू रागाने उपटू नका.

शनिवारच्या एसटीने येते. नसरापुरातच उतरेन. तुम्ही त्यांच्या दारात दिसलात, तर मागे येऊन उभी राहीन. नाही दिसलात, तर एकटीच आत जाईन.

तुमचीच लेक,
सुलक्षणा