उत्तर वर धर

६ ऑक्टोबर

लॅपटॉपने आज तिसऱ्यांदा मान टाकली. जिन्याचं मॉडेल जरा फिरवलं की पंखा घरघरतो, पडदा पांढरा होतो, की संपलं. ऑफिसच्या मशीनवर करता येत नाही — साहेबांना काय सांगू, स्वतःचं घर रेंडर करतेय? तेही पाडून टाकलेलं!

जेवताना बाबा परत म्हणाले, "सातवी पायरी अर्धा इंच उंच होती." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तितक्या सहज. आई हातात चादरींची चवड घेऊन उतरताना त्या जिन्यावरून पडून गेली, त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. कोणीही भेटायला येवो, हे वाक्य ठरलेलं. जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनने स्वतःच्या घराचा जिना चुकवला आणि बायको गेली, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलंय. तेव्हापासून पेन्सिल हातात धरलेली नाही.

घर विकण्याआधी मी एकेक पायरी मोजली होती. सोळाच्या सोळा सारख्या. वही दाखवली तर म्हणाले, "टेप ढिला धरला असशील."

ठरलं. नवं मशीन जुळवायचं. जिना जसाच्या तसा उभा करायचा, त्या दिवसाचं, त्या वेळेचं ऊन टाकून खऱ्यासारखं चित्र रेंडर करायचं, आणि बाबांना एकेक पायरी उतरवून दाखवायची. माझ्या टेपवर विश्वास नसेल तर नसो, स्वतःच्या डोळ्यांवर तरी बसेल. असं रोज थोडं थोडं मरताना मला नाही बघवत त्यांना.

१० ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणतात. मशीनला आधी हात लावून बघतो, मग बोलतो.

"काम काय घेणार याच्याकडून?"

"घरांची मॉडेलं. रेंडर."

"मग कोरं करकरीत घ्यायच्या फंदात पडू नका, ताई. गेम खेळणाऱ्यांचं जुनं ग्राफिक्स कार्ड घ्या. मागच्या गल्लीतला गेमिंग कॅफे बंद पडलाय. रॅम मात्र नवी. तिथे चिक्कूपणा नको."

१४ ऑक्टोबर

कार्ड आलं. विटेएवढं जड, धुळीने माखलेलं. तासभर ब्रशने साफ करत बसले.

१८ ऑक्टोबर

सुट्टी. जेवणाच्या टेबलावर जुळणी. बाबा समोर खुर्ची ओढून बसले, न सांगता. मला वाटलं टोमणे मारतील. पण मदरबोर्ड चष्म्याजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "काढणाऱ्याने नीट काढलाय," म्हणाले. "एकही गल्ली मध्येच अडत नाही." मग एकेक स्क्रू माझ्या हातात देत राहिले, आकाराप्रमाणे वाटीत वेगळे करून.

प्रोसेसरवर लावायची पेस्ट मी जरा जास्तच थापली. बोटाने पुसायला लागले तर म्हणाले, "कागदाच्या कडेने काढ. बोट नेहमी डाग ठेवतं." तीन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी शिकवलं त्यांनी. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

संध्याकाळी सुरू केलं — दिवे लागले, पंखे फिरले! बाबा नुसते "हं" म्हणाले.

१९ ऑक्टोबर

रेंडर लावलं आणि चौथ्या मिनिटाला मशीन ठप्प. परत लावलं, परत ठप्प. वैद्यबुवा येऊन हसला. चूक माझीच. सगळा जीव कार्डात ओतला आणि वीज पुरवणारा डबा जुन्या कॅबिनेटमधलाच ठेवला. "बैल मोठा आणलात आणि वैरण शेळीची," म्हणाला. उद्या मोठा पॉवर सप्लाय.

२५ ऑक्टोबर

चालतंय! जिना फिरवला तर पाण्यासारखा फिरला. कठडा, त्याला आईच्या हाताने आलेली चकाकी, सगळं आठवून आठवून घातलं. जिन्यासमोरच्या भिंतीतली उंच खिडकी आणि तिच्या आडव्या पट्ट्याही. ती खिडकी माझी. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, घराचं बांधकाम चाललं होतं, मी हटून बसले — "जिना अंधारा होतोय, बाबा, इथे खिडकी हवी." बाबांनी काढलेल्या नकाशात बदल करायची कोणाची टाप नव्हती. माझ्यासाठी केला. पुढे आई घरी येईल त्याला सांगायची, ही लेकीची खिडकी.

एकच अडलं. ऊन टाकायला उत्तर दिशा लागते, आणि बाबांच्या नकाशाचा ती दाखवणारा कोपराच नाही. बाबा म्हणाले, वाळवीने खाल्ला असेल. पण कड सरळ आहे, ब्लेडने कापल्यासारखी. वाळवी पट्टी धरून खाते वाटतं!

"मग उत्तर कुठे धरू?"

"वर धर. सरळ वर."

झालं काम. बाबांची उत्तर तपासायची नसते. मला लहानपणापासून घोकवलंय — रेघ चुकली तर खोडता येते, उत्तर चुकली की अख्खं घर फिरतं.

१ नोव्हेंबर

रेंडर आलं. १२ नोव्हेंबर, सकाळी पावणेनऊ. जिना स्वच्छ, सौम्य उजेड, पायरी न् पायरी ठसठशीत. ऊन खिडकीच्या बाजूच्या जाड भिंतीलाच अडतंय, आत येतच नाही. पावणेनऊला मी कायम ऑफिसच्या वाटेवर असायचे, त्या वेळचा जिना कधी पाहिलाच नव्हता. कुठेही काही चुकलेलं नाही. आईचा फक्त पाय घसरला. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सुटल्यासारखं वाटलं.

मग बाबांना बसवलं. वरपासून खालपर्यंत उतरवलं. ते पायऱ्यांकडे बघतच नव्हते.

"खिडकीतून ऊन नाही ना येत?"

"नाही. भिंत अडवते."

"बरं." मोठा श्वास सोडला. मग उठता उठता, "तरी सातवी उंचच होती."

पालथ्या घड्यावर पाणी! महिनाभर राबले ते कशासाठी? माझा आवाज चढला. ते खोलीत गेले.

८ नोव्हेंबर

वैद्यबुवा मशीन तापतंय का ते बघायला आला. पडद्यावर घर होतं. त्याने विचारलं, कुठलं हे? मी रस्ता सांगितला. "तिथे माझी मावशी राहते की," म्हणाला आणि फोनवर वरून काढलेला नकाशा उघडला. आमची जागा आता नुसता मोकळा चौकोन. मग त्याने एकदा फोन बघितला, एकदा पडदा.

"ताई, पडद्यावर तुमचं घर सरळ आहे. फोनवर तर रस्ता, जागा सगळंच तिरकं दिसतंय."

तो गेल्यावर मोजलं. सत्तावीस अंश. मला वाटलं, बाबा थकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची उत्तर चुकली.

उत्तर फिरवली. परत रेंडर लावलं.

ऊन आत आलं. समोरून, सरळ. माझ्या पट्ट्यांच्या सावल्या प्रत्येक पायरीवर आडव्या. बाकीच्या पायऱ्यांवर मध्येच कुठेतरी, पण खालून सातव्या पायरीवर बरोबर कडेवर. कड दिसतच नाही. सातवी आणि सहावी मिळून एकच रुंद पायरी दिसते. हातात चादरींची चवड घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय पुढे पडणारच. आणि पुढे पायरी नाही.

माझी खिडकी.

९ नोव्हेंबर

ऑफिसला गेले नाही. बाबांना सांगितलं, डोकं दुखतंय.

११ नोव्हेंबर

सांगायला हवं. त्यांचा जिना निर्दोष आहे, हे त्यांना कळायलाच हवं. मला शिव्या देतील, बोलणं सोडतील, चालेल. उद्या तीन वर्षं होतात. उद्याच सांगते. पण त्याआधी एकदा हाताने कोन काढून बघेन. मशीन चुकलं असेल. देवा, चुकलेलं असू दे.

१२ नोव्हेंबर

कोनमापक हवा होता म्हणून बाबांची हत्यारांची पेटी उघडली. कंपासच्या खाली नकाशाचा कापलेला कोपरा. बाण सत्तावीस अंश तिरका. त्याखाली चार घड्या घातलेला ट्रेसिंग पेपर — आमचा जिना, माझी खिडकी, पट्टीने ओढलेले उन्हाचे किरण, आणि सातव्या पायरीच्या कडेवर लाल पेन्सिल. खाली त्यांच्या अक्षरात तारीख. आई गेल्यानंतरचा दुसरा दिवस.

सगळं होतं तसं ठेवलं. फाईलमध्ये उत्तर परत सरळ वर फिरवली, सेव्ह केली.

जेवताना बाबा म्हणाले, "सातवी पायरी अर्धा इंच—"

"हो, बाबा," मी म्हटलं. "मी टेप ढिला धरला होता."