माझ्यावाचून अडलेलं गाव

३ मार्च, रविवार
ग्रामसभा. शाळा समिती कोण घेणार म्हटल्यावर सगळे आपापल्या हॅटकडे बघत बसले. ती शांतता मला सोसवत नाही. हात आपोआप वर गेला. आता पाण्याच्या टाकीची किल्ली, संत सान इसिद्रोच्या देवळातल्या मेणबत्त्या आणि शाळा, तिन्ही माझ्याकडे. वर्षभर, बिनपगारी. बायको फ्लोरिना म्हणाली, नवरा गावाला देऊन टाकलाय हे मला निदान कळवायचं तरी. तिला गावाचा विश्वास कळत नाही.
संकल्प: यापुढे नाही म्हणायचं.

५ मार्च
लेक येसेनिया २० एप्रिलला पंधरा वर्षांची होणार. त्या दिवशी बापाने लेकीबरोबर वॉल्ट्झ नाचायचा असतो. रोज पाचला सराव. टाकीचा व्हॉल्व्हही पाचलाच उघडायचा. थोडं इकडेतिकडे करू. प्लॅन पक्का.

१९ मार्च
सराव एकूण दोनदा. एकदा तिचा पाय तुडवला. पाठ धरलीय. हवा दमट आहे.

७ एप्रिल, रविवार
जालीम उपाय: सभेलाच जायचं नाही. मीच नसलो तर हात वर जाईल कसा?
सकाळभर नाचलो. येसेनिया हसत होती. म्हणाली, बाबा, जमतंय की तुम्हाला. कित्येक वर्षांत इतका सुखी नव्हतो.

दुपारी ४
घंटा वाजवणारा फिदेन्सियो सरपंचाची काठी घेऊन दारात. म्हणाला, गैरहजर माणसाचंच नाव घेतात, विसरलास का दादा, तुला एकमताने सरपंच केलं. मला आठवलं, गेल्या वर्षी बिचाऱ्या मेलितोनचं नाव असंच मी सुचवलं होतं.
येसेनियाने गाणं बंद केलं.

२० एप्रिल, संध्याकाळी ५
बँड आला. सूट घातला. वरच्या आळीत पाणी नाही असा निरोप. दहा मिनिटांत येतो.

रात्री ८
वरच्या आळीच्या बायकांनी पाना लावून व्हॉल्व्ह केव्हाच उघडला होता. म्हणाल्या, नेहमी आम्हीच उघडतो, तुमची वाट बघितली तर तहानेने मरू. मग सरपंच आलेच आहेत म्हणून बांधाची दोन भांडणं माझ्यापुढे आली. नाही म्हणता आलं नाही.
परत आलो तर येसेनिया अनवाणी बसलेली. मामाबरोबर नाचून झालं होतं. मी हात पुढे केला. बँड गेला, बाबा, म्हणाली, आणि माझ्यासाठी झाकून ठेवलेला, मक्याच्या पिठाचा वाफवलेला तामाल पुढे सरकवला. मला रडू आवरेना.

२१ एप्रिल
सगळी पदं सोडतोय. राजीनामा लिहिला, कडक भाषेत. तो सरपंचाकडे द्यावा लागतो.
मग मीच घेतला. विचार करतो म्हणालो.