पाणी दिलं, पण विचारलं नाही

४ मार्च, मंगळवार

अजून विचारलं नाही!

इथे परदेशात विमानतळावर माझ्या मुलाने, यावने, मिठी मारली, बॅग उचलली आणि म्हणाला, "आई, दमली असशील, आता झोप." घरी आल्यावर पाणी दिलं — तेही फुसफुसणारं, थेट नाकात जाणारं! मी पेला खाली ठेवला, अंगावरचं कापड सारखं केलं आणि ताठ बसून वाट पाहू लागले. पाहुण्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि मग विचारायचं — इथे सगळं क्षेम आहे, चालून तुम्ही आलात, काय निमित्त? आमच्या माम्पोंग गावात वैऱ्यालासुद्धा एवढं विचारतात. माझ्या पोटच्या पोराने काय विचारलं? "वायफाय हवंय का?"

न विचारता मी तोंड उघडणार नाही. गोष्टच तशी आहे. अडोमाकोने मला मागणी घातली आहे. या वयात! यावचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, माझी काही हरकत नाही. हरकत कसली, जीव अडकलाय त्या टकल्या लॉरीवाल्यात. पण एकुलत्या एका मुलाने हो म्हटल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही, असं त्याला बजावून आले आहे. आणि स्वतःच्या लग्नाचा विषय स्वतःच काढायचा? शोभतं का ते? महिनाअखेरीला परत जायचंय.

५ मार्च, बुधवार

दुपारी थंड पाव. चूल नाही, वाफ नाही, वास नाही. माझी सून हॅनेके पावाला लोणी लावते आणि वर चॉकलेटचा चुरा पसरते. मुंग्या लागल्यासारखं दिसतं. आमच्या मातीतला कोको, इतक्या लांब येऊन त्याची ही दशा! दोन खाल्ले. बरं, तीन.

चार वाजता तिची मैत्रीण आली — आधी वेळ ठरवून. हॅनेकेने बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकीने एक घेतलं आणि झाकण बंद! दुसऱ्यासाठी पुढे केलेला माझा हात वाटेतच राहिला.

यावने आजही विचारलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

इथे कोणी पडदे लावत नाही. संध्याकाळी फिरताना प्रत्येक खिडकीत वाकून नमस्कार-चमत्कार केले. एका आजोबांनी दिवाच मालवला.

९ मार्च, रविवार

आज युक्ती केली. मला वाटलं, पोरगा विसरला असेल, आठवण करून द्यावी. चर्चला जायचे चांगले कपडे घातले, बॅग घेतली, गुपचूप बाहेर गेले आणि घंटा वाजवली. नव्याने आलेल्या पाहुण्यासारखी उंबऱ्यावर उभी!

यावने दार उघडलं. बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अगं आई, किल्ली विसरलीस होय?"

आणि माझ्या हातात किल्ली ठेवून आत गेला. वर निळा गोंडा लावलेली — माझ्यासाठी खास करून घेतलेली. गारठले ती गारठले, वर हाती लागली ती नुसती किल्ली.

१० मार्च, सोमवार

अडोमाकोचा फोन. "विचारलं का त्याने?"

"नाही."

"मग तूच सांगून टाक की!"

"मी काय बाजारात टोमॅटो विकायला बसले आहे?"

"टोमॅटो केव्हाच पिकलाय गं. नासायच्या आत ठरवा म्हणजे झालं."

मेला! इतकी हसले की हॅनेके बघायला आली. तिला म्हटलं, खोकला आहे.

१५ मार्च, शनिवार

हॅनेकेचे वडील वुबो यांचा वाढदिवस. क्रमाने लिहिते.

घरात शिरताच जो तो माझा हात हलवून म्हणतो, "अभिनंदन! तुमच्या मुलाच्या सासऱ्यांचा वाढदिवस!" त्यात माझं काय कर्तृत्व? पण मागे राहणाऱ्यातली मी नव्हे. मीही सगळ्यांचं अभिनंदन केलं, कुत्र्याचंसुद्धा.

मग सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. भिंतीपासून भिंतीपर्यंत म्हातारी माणसं. मला एकदम बरं वाटलं. आमच्याकडे वडीलधारे अस्सेच बसतात! प्रत्येकाला केकचा एक तुकडा, मांडीवर बशी, सगळे गप्प. मग वुबोंनी माझ्यापुढे एक वाडगं धरलं — काळ्या गोळ्या. गोड असेल म्हणून तोंडात टाकली. खारट! कोळसा मिठात मुरवल्यासारखी! डोळ्यांतून पाणी आलं. वुबो खो खो हसले आणि त्यांनी स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. साधं पाणी. मी प्याले. तेव्हा ते समोर बसून मोठ्याने म्हणाले, "हां, आता सांगा. तुम्ही आलात कशाला?"

आडपडदा म्हणून नाहीच या लोकांना! पण देवा — बैठक आहे, वडीलधारे आहेत, पाणी दिलंय, निमित्त विचारलंय. सगळं रीतसर! मी पेला खाली ठेवला आणि उठून उभी राहिले.

"सुट्टीला आलीय ती!" याव ओरडला. "आई, बस बस. केक घे अजून."

अजून केक? या घरात?

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तेव्हा कळलं. पोरगा काही विसरलेला नाही. सगळं आठवतंय त्याला, म्हणूनच विचारत नाही. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवणार?

१६ मार्च, रविवार

सकाळपासून यावशी अबोला. तो सायकल घेऊन बाहेर पळाला. हॅनेकेने चहा ठेवला आणि बापासारखीच थेट मुद्द्यावर आली.

"आई, त्याला माहीत आहे. अडोमाकोंच्या भाच्याने तुम्ही निघायच्या आधीच फोन केला होता."

"मग घोडं अडलं कुठे? तो माणूस पसंत नाही?"

"माणसाचं काही नाही हो. तो म्हणतो, विचारलं तर आई सांगणार, सांगितलं तर मला हो म्हणावं लागणार आणि हो म्हटलं की ती कायमची तिकडची. तुमची खोली पाहुण्यांची नाहीये. त्याने स्वतः रंगवली. त्याला वाटलं, तुम्ही इथेच राहाल."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला? लग्न करा. पण मला विचारलंय कोणी?"

वर येऊन त्या पिवळ्या भिंतींकडे बघत बसले. कोपऱ्यात ब्रशचा एक केस रंगात अडकलाय. मला चिडायचं होतं. जमलंच नाही. फार वाईट वाटलं आणि अडोमाकोचीही फार आठवण आली, एकाच वेळी.

१७ मार्च, सोमवार

यावला खोलीत बोलावलं. "बस." नळाचं पाणी दिलं. तो प्याला.

"ही खोली माझी आहे म्हणे. मग इथे पाहुणा तू. इथे सगळं क्षेम आहे, चालून तू आलास. काय निमित्त?"

हसायला गेला आणि रडलाच. एवढा दाढीवाला बाप्या! "आई, इथे मला सगळं आहे गं. पण माझ्यावर ओरडणारं कोणी नाही. वाटलं, तू राहशील."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बोलले असते तर माझंही रडू बाहेर पडलं असतं आणि मग खरं उत्तर देता आलं नसतं.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी यावने पाणी आणलं. हॅनेके शेजारी, हाताची घडी घालून. विचारलं त्याने. त्याच्या आजोबांसारखं, एकही शब्द न गाळता. मी सांगितलं.

आमच्याकडे पाहुणा निघताना निरोपाची वाट मागतो; ती सगळी देत नाहीत, अर्धीच देतात, उरलेल्या अर्धीसाठी त्याने परत यावं म्हणून. याव म्हणाला, "आई, अर्धी वाट दिली. उरलेली न्यायला दोघं या."

अडोमाकोला इथला वारा सोसायचा नाही. उद्या हॅनेकेबरोबर कोट बघायला जायचंय. माप मला पाठ आहे.