इसिरिकची धुरी

कोसोनसोय, ११ डिसेंबर

चि. बोतीरला अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आमच्या खुराड्यात मरण शिरलं आहे. कोंबड्या घरघरतात, माना टाकतात, सकाळी थंड सापडतात. कापून पाहिलं तर काळजावर पिवळट साय. माझ्या इल्होमच्या लग्नाच्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ खुराड्याच्या खिडक्या लावून, डोळे चुरचुरेपर्यंत दृष्टीवरच्या वाळल्या इसिरिकची धुरी देते आहे. तरी दृष्ट लागलीच.

सूनबाईंचा पायगुण, दुसरं काय? नाफिसाने माहेरून आंदण म्हणून कोंबड्या आणल्या, त्या मी खुराड्यात घेतल्याच नाहीत. बाहेर जर्दाळूखाली जाळीत आहेत. तिलाही काल माहेरी धाडली. निघताना इल्होमने तिला रोटीचा घास तोडायला लावला आणि उरलेली रोटी भिंतीला टांगली, परत येणाऱ्या माणसाची टांगतात तशी. मी बघत राहिले.

तू ताश्कंदच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या रोगांत डोकं घालून बसतोस, तर एकदाचं लिहून दे की रोग तिच्या कोंबड्यांनी आणला. म्हणजे तिला कायमची तिकडेच ठेवा असं सांगायला मी मोकळी. दोन्हीकडचे नमुने बर्फात घालून बसवाल्याकडे दिले आहेत, सोबत जर्दाळू.

टोपी घालत जा, टक्कलही झाकेल. या थोरल्या बहिणीवर माया असू दे.

तुझी सानोबार ओपा


ताश्कंद, २० डिसेंबर

ती. सानोबार ओपास बोतीरचा सलाम. वि. वि.

नमुने पोचले. जर्दाळू बसवाल्याला आवडलेले दिसतात, मला बिया मिळाल्या.

तुला हवं ते लिहून देता येत नाही. ई. कोलाय नावाचे जंतू सगळ्याच कोंबड्यांच्या आतड्यात असतात आणि सहसा कुणाचं वाईट करत नाहीत. पण तुझ्या मेलेल्या कोंबड्यांतल्या जंतूंकडे काही जादा जनुकं निघाली. त्यांच्या जोरावर ते श्वासनलिकेला चिकटतात, रक्तातलं लोह ओरबाडतात आणि रक्ताने मारायला घेतलं तरी मरत नाहीत. तुझ्या धडधाकट म्हाताऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेतही तेच जंतू आहेत. नाफिसाच्या कोंबड्यांत मात्र नाहीत. रोग आपल्याच घरचा, ओपा.

मग तो आत्ताच का उठला? कोंडलेल्या धुराने श्वासनलिका सोलवटते आणि हे जंतू तिथूनच आत शिरतात. धुरी बंद कर, खिडक्या उघड, आजारी कोंबड्या वेगळ्या काढ. औषधाचं मी तिथल्या पशुवैद्याला कळवलं आहे.

सुनेचे पाय बघत बसलीस, हातातली धुरी तेवढी बघायची राहिली. रागावशील, पण भावावरचा लोभ आटवू नकोस.

तुझा बोतीर


कोसोनसोय, ९ जानेवारी

चि. बोतीरला आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. तुझं पत्र लगेच कुणाला दाखवलंही नाही. पण खिडक्या उघडल्या, औषध दिलं आणि मरण थांबत आलं. मग इल्होमला म्हटलं, जा, बायकोला घेऊन ये. तो म्हणाला, जिने घालवली तिने आणावी. बोलला ते रास्त होतं, म्हणूनच झोंबलं.

भिंतीवरची रोटी उतरवून मीच गेले. नाफिसाच्या आईने अंगणातच उभं ठेवलं. तुझ्या पत्रातलं सगळं तिथेच सांगितलं, शेजारणी ऐकत होत्या तरी. फार लाज वाटली, बोतीर. रोटी वाळून दगड झाली होती, ती नाफिसाने चहात बुडवली आणि अर्धी मला दिली.

घरी आल्यावर तिने आधी जर्दाळूखालची जाळी गाठली. आपल्या कोंबड्या आता तरी खुराड्यात घेऊ का, असं भीतभीत विचारलं. मी नको म्हटलं, तशी तिचा चेहरा उतरला. मग सांगितलं, आधी माझ्या बऱ्या होऊ देत, तुझ्या कोंबड्यांना आमचं दुखणं लागायला नको.

दोघींवरही लोभ ठेव.

तुझी ओपा