समासातले अप्पा

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अप्पांचे बाराही ग्रंथ पोचले. बांधणी देखणी झाली आहे, वहिनीने निवडलेलं निळं कापडही शोभतं. आता रागावते. तू कडा छाटल्यास? अप्पा समासाच्या अगदी कडेला पेन्सिलीने लिहायचे, हे त्यांच्याच पोराला ठाऊक नसावं?

आमचे हे गेल्यापासून सहा महिने मी चर्चची पायरी चढलेली नाही. आमच्या तरुण पाळकांनी एक नवं पुस्तक दिलं. त्यातला लेखक म्हणतो, देवाशी खुशाल भांडा. वाचून बरं वाटलं, पण पुस्तकाच्या पाठीमागच्या फोटोत तो भलताच खुशीत दिसतो. अप्पांच्या जाड ग्रंथातला जुना लेखक म्हणतो, निमूट मान तुकवा. मला दोघांचंही नको होतं. आई गेली त्याच्या पुढच्या रविवारी अप्पा उपदेशाला उभे राहिले. ते त्यांनी कसं पेललं, एवढंच मला पाहायचं होतं. ‘दुःख आणि देवाची इच्छा’ या प्रकरणाच्या समासात त्यांनी बरंच लिहिलं होतं. आता प्रत्येक ओळीचं एखादं अक्षर उरलं आहे.

रागावले आहे, तरी माया आटलेली नाही. तुझीही आटू नये.

तुझी
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

चूक माझी. कडा कुरतडल्या होत्या म्हणून बोटभर छाटल्या. तीस वर्षांचा बांधणीचा हात, डोक्याला न विचारता चालला. मला पुस्तकाची पाठ कळते, पोट कळत नाही, असं अप्पा म्हणायचे ते खोटं नव्हतं.

पण रद्दीवाला अजून यायचा होता. कातरणांचं पोतं घरात ओतलं आहे. वहिनीने कपाळाला हात लावला, आणि मग चष्मा लावून शेजारी बसली. तो जाड ग्रंथ परत पाठव.

उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल, पण येऊ दे.

तुझा
दादा

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. आ.

ग्रंथ पाठवला आहे. एका पट्टीवर नुसतं ‘असं कसं?’ लिहिलेलं, ती कुठल्या पानाची हे पान वाचल्याशिवाय कळेना. म्हणून जन्मात पहिल्यांदा धर्मशास्त्र वाचलं. अप्पा त्या लेखकाशी पानोपानी भांडले आहेत.

तुझ्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर ‘पटत नाही’ एवढंच आहे, खाली तारीख. आईच्या जाण्याची तारीख, पुढल्या वर्षाची. त्याखाली पुन्हा ‘पटत नाही’, त्याच्या पुढल्या वर्षाची. अशा अकरा ओळी. अकरावी अप्पांच्या शेवटच्या वर्षाची: ‘पटत नाही. तरी तुझ्याकडेच आलो.’

चिमणे, मी रडलो.

पट्ट्या पातळ कागदाने जोडल्या आहेत. ग्रंथ फळीवर इतरांच्या पुढे येईल. बांधणाऱ्याला लाज आणणारं काम आहे, पण राहू दे. अकराव्या ओळीखाली जागा उरली आहे. पेन्सिल सोबत ठेवली आहे.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझा
दादा

११ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाराव्या ओळीत अप्पांचेच पहिले दोन शब्द लिहिले आणि आजची तारीख घातली. पुढचं लिहायला अजून हात होत नाही.

रविवारी जाऊन आले. मागच्या बाकावर बसले. गायले नाही.

वहिनीला नमस्कार. तुम्हा दोघांची माया अशीच मिळत राहो.

तुझी
चिमणी