थांबलेले अंगठे

अप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आता ती अडचण उरली नाही. मी जन्मभर भाषणं केली आणि शब्द माणसाच्या मनात किती खोल जातो यावरची जाडजूड पुस्तकंही वाचली. तुमच्याइतकं अचूक ते कुणालाही मोजता आलेलं नाही, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन.

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. आपला मुलूख कुठल्या राज्यात जाणार याच्या सभा गावोगाव चालल्या होत्या, आणि मराठी मुलखाच्या बाजूनं बोलणाऱ्यांत तुमची लेक पुढं होती. भालकीच्या सभेत टाळ्यांनी मंडप दणाणला. घरी येताना मी फुललेली होते. तुम्ही म्हणालात, "टाळ्या लई पडल्या. पण तंबाखू मळायचं कुणी थांबलं न्हाई."

मी चिडून विचारलं, लोक भाषण ऐकायला आले होते का तंबाखू खायला?

"दोन्हीला. टाळी शेजाऱ्याला बघून वाजती. अंगठा कुणाला बघून थांबत न्हाई."

औरादच्या बाजारात तुम्ही तीस वर्षं तंबाखू विकलीत. गिऱ्हाईक बोलत असतं आणि तुम्ही त्याच्या तळहाताकडं बघत असता, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. बोलणं नुसतं कानापर्यंत गेलं तर अंगठा चालूच राहतो. काळजाला लागलं तर मंदावतो. त्याहून खोल गेलं तर थांबतो. आणि त्याच्याही पुढं, तळहात तिरका होतो, चुना लावलेली तंबाखू खाली सांडते आणि माणसाला पत्ता नसतो. असं तुम्ही एकदाच पाहिलं होतं, निजामाचं राज्य गेल्याची बातमी बाजारात आली तेव्हा. सगळा बाजार रिकाम्या हातांनी उभा होता, म्हणालात.

मग औरादची सभा, भर बाजारात. मी टाळ्यांकडं लक्षच दिलं नाही, हात बघत बोलले. अंगठे मंदावले. थांबले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची तंबाखू धोतरावर सांडली. एवढी माणसं माझ्या एका श्वासावर थांबलेली पाहून मलाच भीती वाटली, आणि त्या भीतीच्या भरात मी म्हणून गेले, ज्याच्या चुलीपुढं दुसरी भाषा चालते तो या मातीत पाहुणा आहे. आपल्या चुलीपुढं अव्वा कानडीच बोलायची, अप्पा. तिचा भाऊ दर बाजाराला मन्नाएखेळ्ळीहून यायचा आणि आपल्याकडं जेवून जायचा. त्या दिवशी अव्वानं मामाचं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं. तो आला नाही. पुढंही कधी जेवायला आला नाही.

तुम्ही रागावला नाहीत. नुसतं विचारलंत, "सगळ्यांचे हात थांबलेले बघितलीस. एकानं मळलेली तंबाखू परत चंचीत टाकली, दोरी आवळली आन् उठून गेला. ते बघितलीस का?"

मी न्हाई म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. एवढ्या गर्दीत कसं दिसंल, असं अव्वालाही समजावलंत, आणि तिनं ते मानलं.

मी बघितलं होतं, अप्पा. मामानं दोरी आवळली तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं.