एका निबंधात सगळं बसतं

४ जानेवारी
संकल्प तीन दिवस उशिरा, पण पक्का. यंदा माझा दहावीचा वर्ग निबंध-व्याकरणाच्या परीक्षेत अख्खा पास. वर्गात माझी लेकही आहे, म्हणून नव्हे. कुणी तसं म्हणेल, म्हणून आधीच लिहून ठेवतो.
लेकीला पुढे पत्रकारितेच्या ज्युनिअर कॉलेजला जायचंय. तिथे याच परीक्षेचे मार्क बघतात. तिची अडचण एकच, तिला लिहिता येतं. म्हणून वाट्टेल ते लिहिते. मागच्या चाचणीत 'माझी शाळा' या विषयावर तिनं शाळेच्या गळक्या टाकीबद्दल दोन पानं लिहिली. वाचताना मी पोट धरून हसलो. मग मार्क कापले. नियम तो नियम.

९ जानेवारी, सकाळी
आंघोळ करताना सुचलं. मुलांनी ढीगभर निबंध पाठ करण्यापेक्षा एकच करावा, जो कुठेही बसेल. नाव : मास्टर निबंध. सुरुवातीच्या ओळी विषयाप्रमाणे. मग वळणाचं वाक्य : 'यावरून मला माझे आजोबा आठवतात.' पुढे आजोबांचं कष्टाचं आयुष्य, त्यांची काठी, त्यांची शिकवण, आजारपण. शेवटी आजोबा जातात. परीक्षक रडला की हात सैल सुटतो.
'विज्ञान : शाप की वरदान' बसला. 'माझा आवडता खेळ' बसला. 'झाडे बोलू लागली तर' जरा कुरकुरला, पण दाबून बसवला.

१५ जानेवारी
लेक म्हणते, आजोबा तर गॅलरीत पेपर वाचत बसलेत. म्हटलं, परीक्षकाला काय माहीत? म्हणाली, पण मला माहीत आहे ना. बराच वाद. शेवटी तिला माझी शपथ घातली, परीक्षेत मास्टर निबंधच लिहायचा. तिचा चेहरा उतरला. मलाही थोडं जड गेलं, पण औषध कडूच असतं.

२१ जानेवारी
घरी रोज मोठ्यानं पाठांतर. आज अण्णा, म्हणजे माझे वडील, दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, एवढी घाई असेल तर तसं सांग बाबा, मी लवकर आटपतो. मी समजावलं, निबंधातले आजोबा वेगळे. अण्णा गॅलरीत गेले, जेवायला आले नाहीत. पोट बिघडलं असेल.

२ फेब्रुवारी
वर्ग आता एका सुरात म्हणतो. आज मध्येच 'पुरे' म्हटलं, तर कुणी थांबेना. टेबलावर डस्टर आपटलं, तरी नाही. माझ्याकडे बघत, पापणी न हलवता, आजोबा जाईपर्यंत म्हणत राहिले. अंगावर काटा आला. अभिमानानं. बाहेर शिपाईमामा थबकले होते. त्यांनी हळूच विचारलं, सर, कोण गेलं?
एकटा गोलकीपर पाठ करत नाही. मागच्या बाकावरचा हा पोरगा, कानावर आलेलं सगळं बाहेर ढकलतो, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्याचं कठीण आहे.

८ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, सर, सगळे पेपर एकाच परीक्षकाकडे गेले तर? म्हटलं, बाई, तुम्ही तुमचं गंधक सांभाळा. कुणीच हसलं नाही. आपल्या लोकांना विनोद कळत नाही.

१४ फेब्रुवारी
लेक हल्ली वाद घालत नाही. पूर्वी पेपरच्या कडेला, बिलांच्या मागे, जिथे जागा दिसेल तिथे काहीबाही खरडायची. तेही बंद. विषय सांगा, पोरगी सुरू. बायको म्हणते, घर फार गप्प झालंय, मला भीती वाटते. म्हटलं, याला शिस्त म्हणतात.
खरं सांगायचं तर मलाही थोडी भीती वाटली. पण परीक्षा डोक्यावर. नंतर बघू.

३ मार्च
परीक्षा झाली. व्याकरण तर खिशात. निबंधाचा विषय : 'माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण'.
वाचून घोटभर पाणी प्यायलो. मग मनाला समजावलं, पोरं हुशार आहेत, शेवट बदलतील. गेटवर एकेकाला विचारलं. बसवला सर. बसवला सर. लेकीला विचारलं, आजोबा गेले? तिनं मान हलवली. गेले म्हणाली.
हरकत नाही. भाषा शुद्ध असली की झालं.

१० एप्रिल
हेडबाईंनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. बोर्डाचा फोन होता. वर्गाचा निकाल राखून ठेवलाय. गोलकीपर सोडून सगळ्या मुलांच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण म्हणजे आजोबांचा मृत्यू, काठीसकट. परीक्षक रडला नाही म्हणे, घाबरला. म्हटलं, म्हणजे परिणाम तर झाला.
आता अधिकारी येणार. मुलांनी त्यांच्यासमोर बसून मनानं एक पान लिहायचं. जमेल त्याचा निकाल सुटेल. लेकीची मला काळजी नाही. काळजी बाकीच्यांची.

१८ एप्रिल
मला आत सोडलं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. सगळ्यांत आधी गोलकीपर बाहेर आला. घरातल्या मांजरीवर लिहिलं म्हणाला, शुद्धलेखनाची वाट लागली, पण पान भरलं. मग एकेक जण येत गेला. ज्यांचं पाठांतर कच्चं, ते लवकर सुटले.
लेक शेवटी आली. काहीच लिहिलं नव्हतं. म्हटलं, वेळ कमी दिला असेल. म्हणाली, वेळ भरपूर होता. वाक्यं सुचत होती बाबा, पण प्रत्येक वेळी वाटायचं, हे तुम्हाला चालेल का? तेवढ्यात ते निघून जायचं.
मला एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलेलोच होतो.

२० एप्रिल
निकाल सुटले. एक सोडून अख्खा वर्ग पास. संकल्प तसा पुरा झाला म्हणायचा. लेकीचं कॉलेज यंदा हुकलं. मला पुढच्या वर्षी पाचवीचा भूगोल दिलाय. बदल हवाच होता.
लेकीला जुलैत पुन्हा बसता येईल. पण शिकवणार शेजारच्या शाळेतल्या बाई. आणि तोपर्यंत मी तिचं एक अक्षरही वाचायचं नाही, अशी अट.
जेवताना म्हटलं, हेडबाईंनी बरोबर डाव साधला. बायको आमटी वाढत होती. म्हणाली, हेडबाईंनी कुठली अट घालायला? ती पोरीनं स्वतः जाऊन मागून घेतलीय.